मऊ दगडावरचं शहर

रोमहून फ्लोरेन्सला निघालेली वेगवान गाडी पाऊण तासाच्या आतबाहेर पाल्या नदीच्या खोऱ्यात शिरते. डब्यातली निम्मी मंडळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, उरलेली डुलक्या काढत असतात. डावीकडच्या खिडकीतून मात्र काही क्षण एक अजब दृश्य सरकत जातं. द्राक्षमळ्यांच्या सखल पट्ट्यातून उभ्या कड्यांचा एक खडक उठलेला असतो, सुरीने माथा कापावा तसा वरून सपाट. त्या माथ्यावर काठोकाठ घरं, मनोरे आणि या सगळ्यांच्या वर उन्हात चमकणारी एका चर्चची टोकदार शिखरं. ‘हे कुठलं गाव?’ असं शेजाऱ्याला विचारेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते.

ते गाव म्हणजे ओर्व्हिएतो. इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं, जेमतेम वीस हजार वस्तीचं शहर. आसपासची गावं आणि खडकाच्या पायथ्याची वस्ती धरूनच हा आकडा होतो. माथ्यावर राहणारे त्याहून पुष्कळ कमी.

ज्या रुळांवरून ही गाडी सुसाट जाते, त्यांनाही इतिहास आहे. रोम ते फ्लोरेन्स हा ‘दिरेत्तिस्सिमा’ म्हणजे थेट मार्ग. फेब्रुवारी १९७७मध्ये त्याचा रोमकडचा पहिला टप्पा सुरू झाला आणि युरोपात वेगवान रेल्वेचा जमाना सुरू झाला तो इथून. ओर्व्हिएतोजवळ पाल्याचं खोरं ओलांडणारा त्याचा पूल पाच किलोमीटरहून लांब आहे. शेजारूनच मिलान ते नेपल्स हा ‘सूर्याचा महामार्ग’ जातो. तो १९६४मध्ये पूर्ण झाला. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींच्या बसगाड्याही रोमहून वर फ्लोरेन्सकडे जाताना हाच रस्ता धरतात. म्हणजे ओर्व्हिएतो पाहिलेले मराठी प्रवासी कमी नसतील. तिथे उतरलेले किती, हा वेगळा प्रश्न.

यातली खरी गंमत अशी, की देशातल्या सर्वांत घाईच्या दोन वाटांच्या शेजारी उभ्या असलेल्या याच शहरात १९९९मध्ये ‘चित्तास्लो’ म्हणजे संथ शहरांची चळवळ सुरू झाली. तिचं मुख्यालय आजही इथेच आहे.

खालून वर

ओर्व्हिएतोला उतरायचं तर वेगवान गाडीचा मोह सोडावा लागतो, कारण त्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. रोमच्या तेर्मिनी स्थानकातून ‘रेजिओनाले’ म्हणजे प्रादेशिक गाडी पकडायची. सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. तिकीट स्वस्त असतं आणि आधी आरक्षण करायची गरज नसते. एक खबरदारी तेवढी घ्यायची. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. हे विसरलेल्याला तिकीट असूनही दंड होऊ शकतो, आणि तपासनिसासमोर ‘आम्ही पाहुणे आहोत’ हे कारण चालेलच असं नाही.

स्थानक खडकाच्या पायथ्याशी, नव्या वस्तीत आहे. बाहेर पडलं की समोरच फ्युनिक्युलरचं छोटं स्थानक. वणीच्या सप्तशृंगगडावर ट्रॉलीने गेलेल्यांना ही यंत्रणा नवी वाटणार नाही. एकाच दोराला बांधलेले दोन डबे असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि रूळ एकच असला तरी अर्ध्या वाटेवर तो दुभंगतो नि दोघं एकमेकांना बाजू देतात. पाचशे ऐंशी मीटरच्या प्रवासात डबा साधारण दीडशे मीटर चढतो. शेवटी तो जुन्या किल्ल्याखालच्या बोगद्यात शिरतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत प्रवासी माथ्यावरच्या पियाझ्झा काहेनमध्ये पोहोचतात.

हा मार्ग पहिल्यांदा १८८८मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याला कोळसा लागत नव्हता आणि वीजही. वरच्या डब्याखालची टाकी पाण्याने भरायची. डबा जड झाला की तो खाली निघायचा आणि त्याच्या वजनाने खालचा रिकामा डबा वर ओढला जायचा. पायथ्याशी टाकी रिकामी करायची, माथ्यावर दुसरी भरायची, की पुन्हा तेच. शतकानुशतकं पाण्याच्या चिंतेत जगलेल्या शहराने पाणी असं उधळावं, हे नवलच. १९७०मध्ये हा मार्ग बंद पडला. मोटारी, बस यांचे दिवस होते ते. वीस वर्षांनी त्याच मोटारींनी अरुंद गल्ल्यांचा श्वास कोंडला, तेव्हा १९९०मध्ये तो विजेवर पुन्हा सुरू झाला. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला, कड्याच्या पोटातून वर येणारे सरकते जिने आणि लिफ्टही बसवल्या गेल्या. मोटार पायथ्याशी लावायची आणि खडकाच्या आतून वर यायचं.

राख आणि चिकणमाती

खडकाच्या आतून वर येता येतं, कारण तो खडक मऊ आहे. ओर्व्हिएतो समजून घ्यायचं तर सुरुवात याच गोष्टीपासून करावी लागते.

नैर्ऋत्येला वीसेक किलोमीटरवर बोल्सेना नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या जागी एके काळी ज्वालामुखी धुमसत होते. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या एका उद्रेकात तापलेल्या राखेचा लोंढा या मुलखावर पसरला, थिजला आणि त्याचा दगड झाला. इटालियन लोक त्याला ‘तूफो’ म्हणतात. ताज्या पावाच्या कवचासारखा पिवळट-तांबूस, हलका, सच्छिद्र दगड. पहार मारली की तो निघतो, हवेत राहिला की टणक होतो. घर बांधायला दगड हवा असेल तर पायाखालीच खणायचं, म्हणजे घरही होतं आणि तळघरही, असा इथला दुहेरी हिशोब.

आपल्या सह्याद्रीचा बसाल्टही ज्वालामुखीचाच, पण तो लाव्हा थिजून झालेला, छिन्नीला दाद न देणारा दगड. ओर्व्हिएतोचा खडक त्या मानाने लाघवी आहे. मात्र त्याच्या खाली आहे त्याहून जुन्या, समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीचा थर. वर भेगाळणारा दगड आणि खाली पाणी लागलं की सरकणारी माती, या जोडीवर हे शहर अडीच हजार वर्षं उभं आहे.

पोपने खणलेली विहीर

फ्युनिक्युलरमधून बाहेर पडल्यावर चार पावलांवर एक गोल, बसकी इमारत दिसते. वरून ती पाण्याच्या टाकीसारखी वाटते. आत शिरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो.

१५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट कित्येक महिने किल्ल्यात अडकून पडला आणि डिसेंबरात वेश बदलून निसटला. तो ओर्व्हिएतोला आला तो याच कड्यांच्या भरवशावर. इथे हल्ला करून शिरणं अवघड होतं, पण वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? पोपने वास्तुकार आंतोनियो दा सांगाल्लो याला कामाला लावलं. (त्याच नावाचा त्याचा काकाही वास्तुकार होता, म्हणून इतिहासात हा ‘धाकटा’.)

सांगाल्लोने जे बांधलं ते आज ‘पोझ्झो दी सान पात्रिझियो’ म्हणजे संत पॅट्रिकची विहीर म्हणून ओळखलं जातं. तेरा मीटर रुंद, त्रेपन्न मीटर खोल. मधल्या पोकळीभोवती दोन वळणदार वाटा, एकीवर दुसरी, वेणीचे दोन पेड गुंफावेत तशा. प्रत्येकीला २४८ पायऱ्या. एका वाटेने रिकामी खेचरं उतरायची, तळाशी छोट्या पुलावरून पाणी भरून घ्यायची आणि दुसऱ्या वाटेने वर यायची. चढणारं आणि उतरणारं जनावर कधीच समोरासमोर येत नसे. अरुंद जिन्यात खेचर वळवायची वेळ आलेल्या कुणालाही या योजनेतलं शहाणपण कळेल. पायऱ्याही माणसांच्या मापाच्या नाहीत. बुटक्या, रुंद, किंचित उताराच्या आहेत, त्यामुळे उतरताना पावलांचा ताल सारखा चुकतो. मधल्या भिंतीत सत्तरएक खिडक्या आहेत. त्यांतून वरचा उजेड झिरपत राहतो, आणि पलीकडच्या वाटेवरचे लोक खिडकीत क्षणभर दिसून पुन्हा नाहीसे होतात. ते वर चाललेत की खाली, हे मात्र लगेच उमगत नाही.

काम १५३७मध्ये संपलं. क्लेमेंट त्याच्या तीन वर्षं आधीच वारला होता. विहीर पुरी झालेली त्याला दिसली नाही.

ओर्व्हिएतोतल्या त्याच्या मुक्कामात आणखी एक प्रकरण घडलं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला राणी कॅथरिनशी झालेलं लग्न रद्द करून हवं होतं. त्यासाठी त्याचे वकील १५२८मध्ये या खडकावर येऊन धडकले. पोपची राहण्याची दुरवस्था पाहून ते चकितच झाले. उघड्या भिंती आणि पडकं छत, असं वर्णन त्यांनी मायदेशी लिहून पाठवलं. पोपची अडचण वेगळीच होती. कॅथरिन ही सम्राट चार्ल्सची मावशी, आणि त्याच चार्ल्सच्या सैन्याने पोपला पळवून लावलेलं. त्याने चालढकल केली. पुढे सहा वर्षांनी इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं झालं.

विहिरीला मात्र भाषेने अमर केलं. कितीही उपसलं तरी न संपणाऱ्या गोष्टीला इटालियन लोक ‘संत पॅट्रिकची विहीर’ म्हणतात. कधी कौतुकाने, आणि सरकारी खर्चाचा विषय निघाला की टोमण्याने.

पायाखालचं गाव

सांगाल्लोच्या कितीतरी आधी इथल्या लोकांनी खडक पोखरायला सुरुवात केली होती. शहराच्या पोटात माणसाने खोदलेल्या सुमारे बाराशे पोकळ्या आहेत. त्यांतल्या काही मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात. त्यासाठी ठरलेल्या वेळेच्या फेऱ्या असतात आणि तिकीट काढावं लागतं.

आत उतरलं की आधी अंगावर गारवा येतो. बाहेर जुलैचं ऊन रणरणत असलं तरी इथे पातळ स्वेटर बरा वाटतो. मग डोळे सरावतात. एका दालनात ऑलिव्हचं तेल काढायचं दगडी जातं आणि घाणा दिसतो. दुसरीकडे जमिनीत सरळ खाली गेलेलं एक चौकोनी भोक असतं, जेमतेम एक माणूस मावेल एवढं. ही रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या एत्रुस्कन लोकांच्या काळातली विहीर. तिच्या समोरासमोरच्या भिंतींत ठरावीक अंतराने खोबणी आहेत. खणणाऱ्याने एकेका खोबणीत हातपाय रोवत उतरायचं आणि तसंच वर यायचं.

त्यानंतरचं दालन पाहून मात्र टपाल कचेरीची आठवण होते. भिंतीभर, एकावर एक, ओळीने कोरलेले चौकोनी खण, वीतभर रुंद, पत्रं ठेवायचे असावेत असे. हे पारव्यांचे खुराडे. दालनाला कड्याच्या बाजूने एक छोटी खिडकी ठेवायची. पारवे सकाळी तिच्यातून उडून खोऱ्यातल्या शेतांत दाणे टिपायचे आणि संध्याकाळी आपापल्या खणात परतायचे. पाळण्याचा खर्च शून्य आणि वेढा पडला तरी ताटात मांस. शिवाय विष्ठेचं खत होतंच. पारवा हे ओर्व्हिएतोचं आजही मानाचं पक्वान्न आहे. इथल्या खाणावळींच्या यादीत तो हमखास असतो.

शाकाहारी पाहुण्याने घाबरायचं कारण नाही. ‘उंब्रिकेल्ली’ नावाच्या, हाताने वळलेल्या जाडसर शेवया इथे घरोघर होतात. पीठ आणि पाणी, बस. लसूण-टोमॅटोच्या रश्श्याबरोबर किंवा मोसमात ट्रफल नावाच्या रानभुईफोडाबरोबर त्या झकास लागतात. बेकरीतली गोगलगायीच्या आकाराची ‘लुमाकेल्ले’ मात्र विचारून घ्यावी. तिच्या चीजमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे लपलेले असतात.

खडकाच्या गारव्याने इथल्या वाइनचीही चव ठरवली. द्राक्षाचा रस या गुहांत आंबवायला ठेवला की थंडीमुळे आंबण्याची क्रिया अर्धवट थांबायची आणि थोडी साखर शिल्लक राहायची. म्हणून ओर्व्हिएतोची पांढरी वाइन शतकानुशतकं गोडसर होती. आता बाजाराची आवड पालटली आहे आणि बहुतेक बाटल्या कोरड्या चवीच्या असतात. चित्रकार लुका सिन्योरेल्ली याला इथल्या चर्चच्या कामासाठी जो मोबदला ठरला, त्यात रोख रकमेबरोबर वाइनचाही समावेश होता.

दोन गावांत फाटलेला इतिहास

ज्या चर्चसाठी सिन्योरेल्ली आला, त्याची गोष्ट ओर्व्हिएतोच्या बाहेर, बोल्सेना सरोवराकाठच्या त्याच नावाच्या गावात सुरू होते. परंपरा सांगते की १२६३ साली बोहेमियाहून रोमच्या यात्रेला निघालेला एक धर्मगुरू तिथे थांबला. प्रार्थनेतला पाव खरोखर ख्रिस्ताचं शरीर होतो का, अशी शंका त्याला छळत होती. बोल्सेनाच्या संत क्रिस्तिनाच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना त्या पावातून रक्त ठिबकलं आणि वेदीवरच्या कापडावर डाग पडले. त्या वेळी पोप चौथा उर्बन ओर्व्हिएतोत मुक्कामाला होता. ते कापड त्याच्याकडे आणलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याने ‘कॉर्पुस दोमिनी’ हा सण सगळ्या कॅथलिक जगासाठी लागू केला. आजही उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या या सणाला ते कापड ओर्व्हिएतोच्या गल्ल्यांतून मिरवलं जातं, शेकडो माणसं मध्ययुगीन पोशाखात पुढे चालतात. बोल्सेनात त्याच सुमारास रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांच्या रांगोळ्या काढतात.

१२९०मध्ये ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला. सिएनाहून आलेल्या लोरेंझो माइतानीने १३१०पासून त्याची जबाबदारी घेतली. बाजूच्या भिंती काळ्या बसाल्टच्या आणि पांढऱ्या दगडाच्या आडव्या पट्ट्यांच्या, तर दर्शनी बाजू सोनेरी मोझेकची. संध्याकाळी मावळतीचं ऊन थेट तिच्यावर येतं, तेव्हा समोरच्या पायरीवर बसलेली माणसं बोलायची थांबतात. पण खरी गंमत खाली, डोळ्यांच्या उंचीवर आहे. चार रुंद खांबांवर संगमरवरात जगाच्या उत्पत्तीपासून अंतिम निवाड्यापर्यंतची कथा कोरली आहे. शेवटच्या खांबावर नरकात पडलेल्यांच्या दंडात सैतानाने दात रोवले आहेत, आणि ओरडणाऱ्याचं तोंड इतकं खरं आहे की लहान मुलं तिथेच रेंगाळतात.

आत सान ब्रिझिओचं उपचर्च. फ्रा आंजेलिकोने १४४७मध्ये सुरू करून सोडलेलं काम सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात पुरं केलं. जगाच्या शेवटी जमिनीतून वर येणारे मृतदेह त्याने रंगवले. कोणी अजून हाडांचा सापळाच आहे, तर कोणी खांद्यापर्यंत वर येऊन हातांवर जोर देत बाकीचं शरीर ओढतोय. एका कोपऱ्यात काळ्या वेशातली दोन माणसं हे सगळं शांतपणे पाहतात. सिन्योरेल्ली स्वतः आणि शेजारी फ्रा आंजेलिको. या चित्रांनी भारावलेला एक प्रवासी होता डॉ. सिग्मंड फ्रॉइड. एकदा सहप्रवाशाशी बोलताना त्याला चित्रकाराचं नावच आठवेना. ‘बोत्तिचेल्ली’ आठवलं, ‘बोल्त्राफिओ’ आठवलं, सिन्योरेल्ली काही केल्या येईना. या विसरण्यावर त्याने १८९८मध्ये लेख लिहिला. ‘रोजच्या जगण्यातलं मनोविकारशास्त्र’ या अर्थाच्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवात याच प्रसंगाने होते.

बोल्सेना आणि ओर्व्हिएतो यांचं नातं त्या कापडापेक्षा दीड हजार वर्षांनी जुनं आहे. या खडकावर आधी एत्रुस्कन लोकांचं वेल्झ्ना नावाचं श्रीमंत शहर होतं. रोमन त्याला वोल्सिनिई म्हणत. इसवी सनापूर्वी २६४मध्ये रोमन सैन्याने ते उद्ध्वस्त केलं. दोन हजार ब्राँझच्या मूर्तींच्या लोभाने ही चढाई झाली, असा एका ग्रीक लेखकाचा आरोप रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवला आहे. वाचलेल्या लोकांना रोमनांनी खडकावरून उठवलं आणि सरोवराच्या काठी, जिथे कडे नाहीत नि बंड करायला आडोसा नाही, तिथे वसवलं. तेच बोल्सेना. लोक गेले, नाव त्यांच्याबरोबर गेलं. मागे उरलेल्या खडकाला पुढे ‘उर्ब्स वेतुस’ म्हणजे जुनं शहर म्हणू लागले. ओर्व्हिएतो हे त्याचंच घासलेलं रूप.

वेल्झ्नाची माणसं भेटतात ती खडकाच्या पायथ्याशी, क्रोचिफिस्सो देल तूफो या दफनभूमीत. सरळ गल्ल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तूफोच्या चिऱ्यांची बुटकी थडगी, आखून दिलेल्या चाळीसारखी. प्रत्येक दाराच्या वरच्या चिऱ्यावर उजवीकडून डावीकडे कोरलेली एक ओळ. मराठी वाचकाने इथे जरा थबकावं. यातल्या बहुतेक ओळींचा पहिला शब्द ‘मी’ असा आहे आणि त्याचा अर्थही ‘मी’ असाच आहे. थडगंच बोलतं: मी अमक्या घराण्यातल्या तमक्याचं. एत्रुस्कन भाषेचं मराठीशी काडीचंही नातं नाही, इंडो-युरोपीय कुळातच ती बसत नाही. निव्वळ योगायोग. तरी सहाव्या शतकातल्या, तेही ख्रिस्तपूर्व, दगडावर आपला शब्द भेटला की हात आपोआप त्या अक्षरांकडे जातो.

मरणारं गाव

ओर्व्हिएतोहून दक्षिणेला, वीसेक किलोमीटरवर चिविता दी बान्योरेज्यो नावाचं गाव आहे. तिथे जायला बस आहे, पण ती शेजारच्या लात्सिओ प्रांताची. दोन गावांच्या मधून प्रांताची सीमा जाते, म्हणून फेऱ्या मोजक्या आणि रविवारी नाहीतच. त्यामुळे रविवारी निघालेले पाहुणे पियाझ्झा काहेनमध्ये टॅक्सीचे भाव विचारत उभे असतात. जाण्याआधी परतीच्या बसची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी, हे बरं.

बस बान्योरेज्योला सोडते. गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं की समोर दरी उघडते आणि तिच्या मधोमध, मातीच्या सुळक्यावर, मूठभर घरं दिसतात. दरीचे उतार राखाडी, भेगाळलेले, वस्तऱ्याच्या पात्यांसारखे धारदार. ही उघडी पडलेली चिकणमाती. वर तोच तूफो, खाली तीच माती. ओर्व्हिएतोसारखीच रचना, फक्त इथे पावसाने आणि भूकंपांनी खूप पुढपर्यंत काम केलं आहे. १६९५च्या भूकंपात जाण्याची वाट कोसळली आणि बिशपसकट कारभारी मंडळींनी बान्योरेज्योत बस्तान हलवलं. तेराव्या शतकातला तत्त्वज्ञ संत बोनाव्हेंतुरा इथलाच. त्याच्या जन्माचं घर होतं तो भाग केव्हाच दरीत गेला.

आता चिवितात जायला १९६५मध्ये बांधलेला पादचारी पूल हाच एक रस्ता आहे. तीनेकशे मीटर लांब, शेवटी दमवणारा चढ. बारमाही राहणारी माणसं डझनभर म्हणावीत एवढी. याच भागातल्या बोनाव्हेंतुरा तेक्की या लेखकाने त्याला ‘मरणारं गाव’ म्हटलं आणि ते बिरूद चिकटलं. २०१३मध्ये नगरपालिकेने पुलावर तिकीट लावलं, सुरुवातीला दीड युरो. गाव पाहायला पैसे द्यायचे, या बातमीनेच गर्दी वाढली. आता वर्षाला लाखो माणसं येतात आणि तिकिटाच्या उत्पन्नातून नगरपालिकेने रहिवाशांचे स्थानिक करही माफ केले.

सकाळी दहाच्या आत पोहोचलं तर गाव अजून गावासारखं असतं. दारातल्या कुंड्यांना पाणी घातलं जात असतं, चौकात मांजरं पसरलेली असतात. अकरानंतर पुलावर रांग लागते. गावाच्या पलीकडच्या टोकाला एक घर आहे, त्याची फक्त दर्शनी भिंत शिल्लक आहे. खिडकीच्या चौकटीतून खोली दिसावी, तिथे आकाश दिसतं.

सरोवर

चिवितानंतर बोल्सेना पाहणं म्हणजे दाटलेला श्वास सोडणं. ओर्व्हिएतोहून रस्ता आधी जुन्या ज्वालामुखीच्या कडेपर्यंत चढतो आणि एका वळणावर खाली निळा, जवळजवळ गोल पाण्याचा पसारा दिसतो. ११४ चौरस किलोमीटर, सर्वांत खोल ठिकाणी १५१ मीटर. ज्वालामुखीतून झालेलं युरोपातलं हे सर्वांत मोठं सरोवर. मधल्या दोन बेटांपैकी मार्ताना बेटावर इसवी सन ५३५मध्ये गॉथ राणी आमालासुंथा हिचा खून झाला. सरोवरातल्या ईल माशांची कीर्ती तर साहित्यात पोहोचली. पोप चौथा मार्टिन त्यांच्यावर एवढा ताव मारायचा, की दांतेने त्याला खादाडांच्या रांगेत उभं केलं. आज काठावरच्या खाणावळींत ‘कोरेगोने’ हा मासा अधिक मिळतो, भाजून, लिंबू पिळून. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे इथले सुखाचे महिने. ऑगस्टच्या मध्यावर अख्खी इटली सुटीवर असते, तेव्हा काठावर टॉवेल पसरायला जागा मिळवण्यासाठी सकाळीच निघावं लागतं.

बोल्ट मारलेला कडा

चिविताचं झालं ते ओर्व्हिएतोचं का झालं नाही? झालं असतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या कड्याचे भाग कोसळू लागले, तेव्हा कारणं शोधली गेली. त्यातलं एक घरातलंच होतं. जुन्या पाण्याच्या नळांतून आणि गटारांतून होणारी गळती खडकात मुरत होती, खालची माती भिजवत होती. १९७८मध्ये इटलीच्या संसदेने ओर्व्हिएतो आणि शेजारचं तोदी यांच्यासाठी खास कायदा केला, १९८७मध्ये आणखी एक. त्या पैशांतून कड्याच्या भेगा बुजवल्या, पोलादी सळ्या आत खोलवर ठोकून सुटू पाहणारे भाग मागच्या खडकाला जखडले, शहराखालचे नळ आणि गटारं नव्याने घातली, पायथ्याचे ओढे बांधून काढले. खडकाची हालचाल मोजणारी उपकरणं बसवली. पायाखालच्या शेकडो गुहांची पद्धतशीर पाहणीही याच धास्तीच्या काळात सुरू झाली. पर्यटकाला आज जो भूमिगत ओर्व्हिएतो दिसतो, तो काही अंशी या कोसळण्याच्या भीतीची देणगी आहे.

हे काम वरून दिसत नाही. ते पाहायचं तर कड्याच्या पायथ्याने फिरणारी ‘आनेल्लो देल्ला रूपे’ ही पाचेक किलोमीटरची पायवाट धरायची. दिवसभराचे पाहुणे संध्याकाळच्या गाडीने रोमला परतले की ही वाट जवळजवळ मोकळी होते. डाव्या-उजव्या बाजूला झुडपं, अंजिराचा वास, द्राक्षमळे, आणि वर सरळ उठलेली पन्नास-साठ मीटरची पिवळी भिंत. थोडं निरखलं की तिच्यात सळ्यांची टोकं दिसू लागतात, वाटीएवढी, रांगेत. काही ठिकाणी कड्याचा बाहेरचा पापुद्राच कधीतरी गळून पडला आहे आणि आतलं एखादं दालन उघडं पडलं आहे. खालून पाहताना त्याच्या मागच्या भिंतीवरचे चौकोनी खण स्पष्ट मोजता येतात. अंधार पडू लागला की खोऱ्यातून पारवे थव्याने परततात आणि एकेक करत त्या खणांत शिरतात. पलीकडे पुलावरून एक वेगवान गाडी जाते, उजेडाच्या खिडक्यांची एक सलग पट्टी, आणि तिचा आवाज कड्यापर्यंत पोहोचतो तोवर ती दिसेनाशी झालेली असते.